मायकोफेनोलेटमुळे सात आठवडे जुलाब: गोळी बदलण्याआधी कोलोनोस्कोपी करावी का?

माझ्या यजमानांचे (वय 46) मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन चौदा महिने झाले; मूत्रपिंड सासूबाईंनी दिले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते टॅक्रोलिमस, प्रेडनिसोलोन आणि मायकोफेनोलेट मोफेटिल (सकाळ-संध्याकाळ 1 ग्रॅम) घेतात. वर्षभर सारे सुरळीत होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी; वाढले तर काम मंदावले) 1.2 च्या आसपास असे. गेले सात आठवडे मात्र दिवसातून सहा-सात वेळा पाण्यासारखे जुलाब होतात, रात्रीही उठावे लागते आणि वजन साडेपाच किलोंनी उतरले आहे. ताप नाही, रक्त पडत नाही.

शौचाच्या तपासणीत जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम, सी-डिफिसाइल या जुलाब करणाऱ्या जंतूंपैकी काहीच सापडले नाही. रक्तातील सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूची पीसीआर चाचणीही निगेटिव्ह आली. याच काळात टॅक्रोलिमसची पातळी 7 वरून 13.8 वर गेली आणि क्रिएटिनिन 1.7 झाले. डॉक्टरांनी मात्रा वाढवलेली नसताना हे कसे झाले, ते आम्हाला उमगेना. एरवी आतड्याचे अस्तर या औषधाचा बराच भाग अडवते, जुलाबात ती क्षमता घटते आणि औषध रक्तात जास्त उतरते, असे नेफ्रॉलॉजिस्टांनी (मूत्रपिंडतज्ज्ञांनी) समजावले. जुलाबावाटे औषध वाहून जात असेल या समजुतीने मी दोनदा टॅक्रोलिमसची जादा गोळी दिली होती, तेही त्यांना सांगून टाकले. मात्रा घटवून आणि सलाइन लावून क्रिएटिनिन आता 1.4 वर आले आहे, जुलाब मात्र चालूच आहेत.

पेच पुढे आहे. नेफ्रॉलॉजिस्टांच्या मते मोफेटिल थांबवून आतड्यात विरघळणारी मायकोफेनोलेट सोडियमची 720 मिलिग्रॅम मात्रा दोन वेळा द्यावी आणि गरज पडल्यास तीही कमी करावी. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, आधी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून बायॉप्सी (अस्तराचा तुकडा तपासणीसाठी) घ्या, कारण रक्तात न दिसणारा सीएमव्ही आतड्यात असू शकतो आणि आतडे वरवर निरोगी दिसले तरी मायकोफेनोलेटची इजा बायॉप्सीत सापडते. मला दुसरे म्हणणे पटते. कारण सीएमव्ही निघाला तर उपचारच वेगळे, आणि मायकोफेनोलेट उगाच कमी केले तर शरीर मूत्रपिंड नाकारण्याचा धोका वाढतो. मायकोफेनोलेटऐवजी ॲझाथायोप्रिन देण्याचा पर्यायही सोपा नाही, कारण गाउटसाठी त्यांना फेबुक्सोस्टॅट चालू आहे आणि ही दोन औषधे एकत्र देत नाहीत.

सोडियमच्या गोळीवर आल्यावर कोणाचे जुलाब खरोखर थांबले का, आणि किती दिवसांत? मात्रा कमी केल्यावर क्रिएटिनिन व टॅक्रोलिमसची पातळी किती दिवसांनी तपासत होतात? एवढ्या अशक्तपणात कोलोनोस्कोपीची पूर्वतयारी कशी निभावली? आम्ही सांगलीत राहतो, प्रत्यारोपण पुण्यात झाले आहे, त्यामुळे दर खेपेला तिकडे धावणे जमत नाही. निर्णय डॉक्टरांचाच असेल. गुरुवारच्या भेटीत नेमके काय विचारावे, यासाठी अनुभव हवे आहेत. कुटजघनवटी द्या असे आतापर्यंत तिघांनी सुचवले आहे, पण नेफ्रॉलॉजिस्टांना विचारल्याशिवाय मी काहीही देणार नाही, तेव्हा कृपया काढे आणि वट्या सुचवू नयेत.