चारचौघे आणि आपण : नाशिककरांचे अनुभव

१९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी रेघांची लांबी ओळखण्याचा एक साधा प्रयोग केला. बाकीचे ठरवून चुकीचे उत्तर देत असताना सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून त्यांचीच री ओढली. मात्र एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी हा दबाव झपाट्याने ओसरत असे. गटाने आपल्याला, किंवा आपण गटाला वळवल्याचे प्रसंग कृपया लिहावेत.

द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका
गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करायची, असे मी ठरवले होते. पण सप्टेंबरअखेरीस रस्त्यालगतच्या बागेत कात्र्या चालू झाल्या आणि आठ दिवसांत शिवारभर छाटून डोळे फुटण्यासाठी पेस्ट लावलेल्या काड्या दिसू लागल्या, तेव्हा माझाही धीर सुटला. सगळे एकदमच निघाल्याने मजुरांच्या टोळ्यांचे दर चढले, आणि बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी येऊन घडकूज झाली ती वेगळीच. पहिली कात्री लावणाऱ्याला नंतर विचारले, तर तो म्हणाला, ‘भाऊ, मला मजूर तेव्हाच मिळत होते, म्हणून छाटली.’ आम्ही मात्र त्याला हवामानाचा अंदाज समजून बसलो होतो!

बदलीवर आलेला नोकरदार
रंगपंचमीला जुन्या नाशकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला जमिनीतला हौद, फक्त पाहायला गेलो होतो. काठावरच्या अनोळखी मंडळींनी ‘धप्पा, धप्पा’ (म्हणजे रहाडीत उडी) असा गलका केला आणि खिशातल्या मोबाइलसकट मी रंगात होतो.

निवृत्त शिक्षक, नाशिकरोड
२ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात माझे आजोबा होते. बंद दारासमोर एकट्याने उभे राहण्याची छाती आपल्याला झाली नसती, पुढे-मागे आपली माणसे चालत होती म्हणून पाय उचलले गेले, असे ते सांगत. मला यात कमीपणा वाटत नाही. धैर्यही असेच एकमेकांकडून घेतले जाते.

गृहिणी, इंदिरानगर
घंटागाडीची गाणी ऐकू आली की ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन उतरणारी आमच्या इमारतीत मी एकटीच होते, त्यामुळे दोन वर्षे माझी गणना विक्षिप्तांत होत असे. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हिरवी बादली आणली आणि महिन्याभरात आणखी आठ बिऱ्हाडांनी आणली. परवा घाईत माझ्या ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी गेली, तर त्याच काकूंनी गॅलरीतून सगळ्यांदेखत मला हटकले.