जिंकणारे दरवर्षी तेच असतील तर

बारा मित्रांच्या वार्षिक गोल्फ स्पर्धेत दरवर्षी तेच दोघे जिंकतात, बाकीच्यांचा उत्साह कसा टिकवायचा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत ठाम आहे: एकूण फटके मोजणं सोडा आणि स्टेबलफोर्ड पद्धतीने गुण द्या. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर स्पर्धा झाली होती. हँडिकॅपचे (खेळाडूच्या कौशल्यानुसार मिळणाऱ्या सवलतीचे) फटके वजा करून पार (त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या) आला की २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३. दोन किंवा त्याहून जास्त लागले की शून्य. मग चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलकडे चालायचं.

आमच्यातल्या एकाचे तिसऱ्याच होलवर तीन चेंडू पाण्यात गेले. जुन्या हिशेबाने त्याचा शनिवार तिथेच संपला असता. पण तो अठराव्या होलच्या शेवटच्या फटक्यापर्यंत चुरशीत होता, आणि ते बघताना मला फार बरं वाटलं.

एक मात्र पाळा. दरवर्षी मैदान बदलत असाल तर हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूचा मूळ हँडिकॅप आकडा) जसाच्या तसा वापरू नका. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत इंडेक्सला स्लोप रेटिंगने (ते मैदान तरबेज खेळाडूच्या तुलनेत साधारण खेळाडूला किती अवघड, याचा आकडा) गुणून ११३ ने भागतात, आणि कोर्स रेटिंगमधून (तरबेज खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित फटके) मैदानाचा एकूण पार वजा करून येणारा फरक त्यात मिळवतात. आधीच्या रात्रीच सगळ्यांचे आकडे काढून ठेवा. सकाळी टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, वाद नकोत.

रविवारी जोड्या लावा, एक मुरलेला आणि एक नवखा.