सी. डी. देशमुख आज कुलगुरू झाले असते का?

रोहेकर: जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कुलगुरू निवडीच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. २०१८ च्या नियमांत दहा वर्षं प्राध्यापकी, नाहीतर संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनातला तेवढाच अनुभव लागतो. मसुद्यात उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण या क्षेत्रांतल्या लोकांनाही वाट ठेवली होती. त्यावर प्राध्यापक मंडळी खवळली. मला त्यात वावगं दिसत नाही. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले सी. डी. म्हणजे चिंतामणराव देशमुख आय.सी.एस., ब्रिटिश काळातले सनदी अधिकारी; १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या प्रश्नावर १९५६ ला मंत्रिपद सोडलं आणि यूजीसीचे अध्यक्ष झाले. १९६२ ते ६७ दिल्लीचे कुलगुरू. प्राध्यापकी कधीच केली नाही. काय बिघडलं?

मुर्डीवाला: एका देशमुखांच्या नावावर किती जण आत घुसवणार? आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे गणितज्ञ रँग्लर परांजपे बघा. १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य, १९२१ ला मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, पुढे लखनौचे आणि पुण्याचे कुलगुरू. आधी वर्ग, मग मंत्रालय. गणिताचा पेपर स्वतः तपासलेल्या माणसाला परीक्षा विभागात काय सडतंय ते वासावरून कळतं. निवृत्त सचिवाला फाईल कळते, बस.

रोहेकर: फाईल कळणं ही काय लहान गोष्ट आहे? निकाल रखडतात ते फाईल न कळल्यानेच.

सावंतवाडीची: नावां मोठी, पण आमका काय गावला? चिंतामणराव १९५२ ला कुलाब्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर गेले, म्हणजे कोकणचे खासदारच. दापोलीला कृषी विद्यापीठ आलं १९७२ ला, लोणेऱ्याला तंत्रशास्त्राचं त्यानंतर. पण बी.ए., बी.कॉम.वाली आमची पोरं अजून मुंबई विद्यापीठाखालीच. रत्नागिरीत उपकेंद्र आहे, तरी माझ्या भाच्याची गुणपत्रिकेतली नावाची चूक तिथे सुटली नाही. रात्रीच्या गाडीने मुंबईला विद्यापीठाच्या कलिना आवारात गेला, तिथे खिडकीवर सांगितलं, कॉलेजचं पत्र आणा. कुलगुरू वर्गातला असो की मंत्रालयातला, ती खिडकी कोण बघणार?

मुर्डीवाला: ताई, खिडकीचं दुःख खरंय, पण त्यासाठी कोकणचं वेगळं विद्यापीठ मागा. कुलगुरू कुठला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. आणि उद्योगातला कुणीही चालणार म्हटल्यावर उद्या चिरेखाणवालाही अर्ज करेल.

रोहेकर: मसुदा पुरता वाचा हो. वरिष्ठ पदावर दहा वर्षं हवीत, शिवाय विद्वत्तेचं सिद्ध झालेलं काम हवं. चिरेखाण त्यात बसत नाही.

मुर्डीवाला: सिद्ध झालंय हे कोण ठरवणार?

गुहागरी: इतका वेळ नुसता वाचत होतो. मसुद्यातली कुलगुरूपदासाठी नावं सुचवणारी शोध समिती तिघांची: एक कुलपतींचा, एक यूजीसीचा, एक विद्यापीठाचा. राज्य सरकारचा एकही नाही. केरळ, तामिळनाडूने त्याच मुद्द्यावर आवाज उठवला. तुम्ही दोघं उमेदवारावरून भांडताय. भांडायचंच तर त्या तीन खुर्च्यांवरून भांडा.