मदत हवी आहे: दोन सेन्सर डेटासेट जोडले जाण्याचा धोका मॉडेलमध्ये कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

स्मार्ट सिटीतल्या सेन्सरचा डेटा वेगवेगळ्या विभागांना आणि संशोधकांना देताना गोपनीयतेचे नियम आपोआप तपासले जावेत, असं मॉडेल बनवतोय. एका जागी पार अडकलोय.

कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे लिहायला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेची ओडीआरएल ही वापराचे नियम लिहायची भाषा (२०१८ ची शिफारस) घेतली. परवानगी, मनाई, बंधनं सगळं नीट बसलं. अडचण येते ती दोन डेटासेट जोडल्यावर. वीज मीटरची दर १५ मिनिटांची नोंद घ्या. नाव-पत्ता काढला तरी घरातले कधी उठतात, घर कधी रिकामं असतं, हे आलेखावर दिसतं. शेजारी त्याच गल्लीतल्या पार्किंग सेन्सरच्या वेळा ठेवल्या की नेमकं घरही सापडू शकतं. दोन्हीकडे नियम पाळलेले, तरी माणूस उघडा पडतो! २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींमधून ९५ टक्के लोक वेगळे ओळखायला जागा आणि वेळेचे फक्त ४ बिंदू पुरले होते, म्हणून ही भीती मला पोकळ वाटत नाही.

हा धोका पॉलिसीतच, म्हणजे ओडीआरएलच्या नियमांतच लिहावा, की डिफरन्शियल प्रायव्हसीचं (आकड्यांत मोजून-मापून गोंगाट मिसळून एकेक माणूस लपवायची पद्धत) एप्सिलॉन बजेट, म्हणजे एकूण किती माहिती उघड होऊ द्यायची ती मर्यादा, मोजणारा वेगळा थर ठेवावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. पण बजेट प्रत्येक घेणाऱ्यामागे मोजलं आणि दोघांनी आपापसात डेटा वाटून घेतला, तर हिशेबच कोलमडतो. सगळ्यांचं मिळून एकच बजेट धरलं, तर ते फार लवकर संपतं.

प्रत्यक्ष कोणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.