वाड्यातलं माजघर फार अंधारं आहे, उजेडासाठी काय करू? (सातारा) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचा जुना वाडा आहे, त्यातलं माजघर दिवाळीच्या आत नीट करून घ्यायचंय आणि मला खरंच सल्ला हवाय, कारण दोनदा पैसे घालून झाले तरी मनासारखं काही झालेलं नाही.

खोली 10 बाय 12, वर धुरानं काळा पडलेला कडीपाट, खाली शहाबादी फरशी, तीन कोनाडे, एक फडताळ. उजेड काय तो चौकातून, तोही सहा फुटी सोपा (चौकाकडची ओसरी) ओलांडून. मागं एक खिडकी आहे पण शेजारी बिल्डिंग झाल्यापासून ती उघडली की तीन फुटांवर त्यांची भिंत, नुसत्या विटा, गिलावा पण नाही.

खोली माझ्या सासूबाईंची, मी त्यांना आत्या म्हणते. वय 79, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, गुडघ्यांमुळं माडी चढवत नाही. आणि त्यांना दुसरी खोली नकोच आहे, लग्न होऊन आले ती ह्याच खोलीत म्हणतात. तांदूळ निवडायला बसल्या की ताट घेऊन सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत येतात, मग ताट जरा तिरकं धरून बोटानं एकेक खडा बाजूला करतात, ते बघवत नाही मला. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं म्हणून दुपारी कवडसा उंबऱ्याच्या आत फूटभर पडतो, मागच्या वर्षी मी खडूनं फरशीवर खुणा करून बघितलं, अर्धा-पाऊण तास टिकतो. मे महिन्यात सूर्य डोक्यावर, चौक नुसता तापतो आणि माजघरात काहीच नाही.

आधी काय केलं ते पण सांगते. पांढराशुभ्र प्लास्टिक इमल्शन मारून घेतलं. पेंटर म्हणाला उजेड दुप्पट वाटेल, पण पहिल्याच पावसाळ्यात खालच्या दोन फुटांत फुगे आले आणि पोपडे पडले, भिंती माती-विटांच्या आहेत, जमिनीतून ओल चढते. आणि पांढरा रंग त्या अंधारात पांढरा दिसतच नाही, राखाडी दिसतो. मग 6500 केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची ट्यूब मधोमध लावली तर आत्या म्हणाल्या, दवाखान्यात बसल्यागत वाटतंय गं. शिवाय ट्यूब पाठीमागं येते म्हणून त्यांचीच सावली ताटात पडते.

तर रंग कुठला घेऊ, दिवे कुठं लावू, आरसा लावला तर फरक पडतो का? कडीपाट झाकायचा नाही, फॉल्स सीलिंग सुचवू नका प्लीज. नवी खिडकी पण फोडता येणार नाही, भिंत चुलत्यांबरोबर सामायिक आहे. बजेट 25-30 हजार.

प्रतिसाद: ताई, आधी इमल्शन खरवडून काढा. मातीच्या भिंतीला चुनाच, ओल बाहेर पडू देतो. पांढऱ्या चुन्यात थोडी पिवळी माती कालवा, साईचा रंग येतो आणि कमी उजेडात मळकट दिसत नाही. आरसा खिडकीसमोर लावून तुम्हाला विटाच दिसतील, तो सोप्याच्या दारासमोरच्या भिंतीवर लावा, चौकाचा उजेड परत फिरेल.

प्रतिसाद: दिवा मधोमध नको. तिन्ही कोनाड्यांत 3000 केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) बल्ब, थेट डोळ्यावर येणार नाहीत असे आडोशाला, भिंतीवर उजेड पसरू दे. बसायच्या जागी डाव्या हाताला वेगळा 4000 चा दिवा, 9 वॉटचा एलईडी पुरे, साधारण 900 ल्युमेन देतो. घेताना पाकिटावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 बघा, तांदळातला खडा ओळखायला वॉट वाढवून तेवढा उपयोग होत नाही. आणि शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या भिंतीचा खिडकीसमोरचा भाग तुमच्या खर्चानं गिलावा करून पांढरा करा. तीन फुटांच्या बोळात वरून जो उजेड उतरतो तो विटा खाऊन टाकतायत.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार! शेजारच्या भिंतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी काकूंना विचारून आले, त्या म्हणाल्या करा की, आमचं काय जातंय. आत्या उजव्या हातानं निवडतात म्हणून डावीकडचा दिवा पण पटला, काल टेबल लॅम्प तिकडं ठेवून बघितला तर ताटातली सावली गेली आणि त्या जागेवरून हलल्या नाहीत. आता एकच विचारायचंय, आपल्याकडं चांगला कळीचा चुना कुठं मिळेल, आणि तो विरवायला किती दिवस ठेवायचा?