मदत हवी आहे: द्राक्ष छाटणीचे छोटे व्हिडिओ कसे आखावेत, कसे टिपावेत?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. गेली अकरा वर्षं दिंडोरी-निफाडकडच्या बागांत नव्याने बाग सांभाळणाऱ्या मुलामुलींना छाटणी, विरळणी शिकवते. यंदा हाच वर्ग ऑनलाइन करायचं ठरलंय. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) आठ-दहा दिवसांवर आलीय, म्हणून घाईने धागा काढतेय. एकदा बाग छाटून झाली की तेच दृश्य पुन्हा पुढच्या वर्षीच मिळणार.

एप्रिलच्या खरड छाटणीला (नव्या काड्या वाढाव्यात म्हणून केलेल्या छाटणीला) एक प्रयत्न केला होता. स्टँडवर मोबाइल लावला आणि ४२ मिनिटं सलग शिकवलं. चौदा जणांना पाठवला. तीन दिवसांत त्यातल्या अकरा जणांचे फोन आले, "ताई, ओलांड्यावर काडी किती डोळ्यांवर घ्यायची?" (ओलांडा म्हणजे वेलीचा तारेवर आडवा नेलेला हात, डोळा म्हणजे काडीवरची फुटीची कळी.) एका डोळ्यावर, हे मी एकतिसाव्या मिनिटाला दाखवलं होतं. तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. त्यातल्या दोघांनी तोपर्यंत अर्धा एकर छाटून टाकला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग शोधाशोध केली. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते, असं त्यात दिसलं. ते विद्यापीठांचे अभ्यासक्रम होते आणि माझी मुलं बांधावर उभी राहून बघतात. त्यामुळे मी चार मिनिटांची मर्यादा धरलीय.

एका व्हिडिओत एकच प्रश्न, असे नऊ व्हिडिओ ठरवलेत. काडी पक्व झाली हे कशावरून ओळखायचं, सबकेनची (शेंडा खुडल्यावर काडीतून पुढे वाढलेल्या काडीची) गाठ कुठे असते, गाठीच्या पुढे किती डोळे राखायचे, कात्री डोळ्याच्या किती वर आणि कशी धरायची, छाटणीनंतरचं पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावणं), वगैरे. वहीत दोन रकाने पाडले: डावीकडे काय दिसणार, उजवीकडे मी काय बोलणार. उजवा रकाना एका संध्याकाळी भरला. डावा अजून जवळपास रिकामाच आहे. बागेत मी बोटाने दाखवते, मुलीचा हात धरून कात्री फिरवते. ते कागदावर कसं उतरवायचं?

अडचणी अशा.

सगळ्यात मोठी हातांची. माझ्यापेक्षा सफाईने छाटते ती पेठ तालुक्यातून येणाऱ्या टोळीतली एक मावशी. तिचे हात दाखवावेत असं मनापासून वाटतं. पण टोळीचा दर एकरावर ठरतो. मी तिला 'थांबा, पुन्हा करा' म्हटलं की सगळ्यांची मजुरी बुडते. शिवाय ती दोन सेकंदांत काडी निवडते. 'हीच का?' विचारलं तर हसून पुढच्या वेलीकडे जाते. मग तिच्या हातांवर माझा आवाज चढवायचा का? ते बरोबर वाटत नाही.

दुसरी उन्हाची. पानं उतरलेल्या मांडवाखाली तारांच्या आणि काड्यांच्या सावल्या पडतात, डोळा दिसतच नाही. मोबाइल सारखा उजेड कमीजास्त करतो. शेजारच्या बागेत ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असला तर आवाजाचं विचारूच नका.

तिसरी, मी लिहिलेलं वाचते तेव्हा बातम्या दिल्यासारखं वाटतं. न वाचता बोलले की चाराची नऊ मिनिटं होतात.

ज्यांनी हाताने करायच्या कामाचे व्हिडिओ केलेत, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मावशींना थांबवूच नका. एका वेलीवर तीनदा टिपण्यापेक्षा तीन वेलींवर एकेकदा टिपा: पहिली दुरून, दुसरी खांद्यामागून, तिसरी बोटांजवळून. खांद्यामागून टिपलेलं सगळ्यात उपयोगी. बघणाऱ्याला ते आपलेच हात असल्यासारखे दिसतात, डावं-उजवं उलटं होत नाही. समोरून टिपलंत तर मुलं कात्री उलट्या बाजूने धरतील.

आवाज तेव्हा घेऊच नका. संध्याकाळी काम संपलं की तेच चित्रीकरण मावशींना मोबाइलवर दाखवा. प्रत्येक कापाला थांबवा आणि विचारा, "इथे का कापलंत?" काम करताना ज्याचं उत्तर देता येत नाही ते स्वतःचे हात बघताना सुचतं. ते ध्वनिमुद्रित करा आणि तिचाच आवाज तिच्या हातांवर लावा. त्या वेळेचे पैसे मात्र वेगळे द्या, आणि व्हिडिओ कुठे दिसणार हे आधी सांगून परवानगी घ्या.

उजेडासाठी सकाळी लवकर जा. जमलं नाही तर दोघांना पांढरी चादर वर धरायला सांगा, सावल्या मऊ होतात. पडद्यावर डोळ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. घरी ट्यूबलाइटखाली काडी टिपणार असाल तर पट्ट्या फिरताना दिसू शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

प्रतिसाद २

मी दूरशिक्षणात शिकवतो. आपल्या नाशकात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्यामुळे घरबसल्या शिकणं इथे नवं नाही. मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

वाक्यं लिहू नका, मुद्द्याचे शब्द लिहा. वाचल्यासारखं वाटणं त्यानेच जाईल. आणि तुम्ही बोलता तीच वाक्यं पडद्यावर अजिबात नकोत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम शिक्षणावर जे काम केलंय त्यात हे स्पष्ट आहे: नजर अक्षरांत गुंतते आणि चित्र बघायचं राहतं. तुमच्याकडे तर काडीच बघायची आहे.

शेवटी एक न छाटलेली काडी पाच सेकंद स्थिर दाखवा आणि विचारा, "कुठे कापाल?" मग उत्तर.

आकार लहान ठेवा. सेकंदाला १ मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला साडेसात एमबी खातो, म्हणजे चार मिनिटांचा ३० एमबी. बांधावरच्या नेटवर्कला तो झेपेल. पण डोळा दिसतो का हे छोट्या पडद्यावर तपासूनच पाठवा.

आणि पेस्टिंगचं आवर्जून. त्यात लावतात ते हायड्रोजन सायनामाइड विषारी आहे. तुम्ही तोंडाने दहा वेळा 'हातमोजे घाला' म्हणालात आणि चित्रात उघडे हात दिसले, तर मुलं चित्राचं ऐकतील. त्या कामाच्या आगेमागे दारू अजिबात चालत नाही, हेही सांगा. लोक संकोचाने टाळतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. काल एका लवकर छाटलेल्या बागेत करून पाहिलं. चादरीचा उपाय लगेच लागू पडला.

संध्याकाळी मावशीला दाखवलं. आधी लाजली, मग स्वतःच म्हणाली, "थांबव, इथे." दोन काड्या शेजारी होत्या, जाडीला सारख्या. तिने एक मुळातून काढली होती. म्हणाली, "ही सावलीतली. हिला माल धरत नाही. ती उन्हात वाढलेली, म्हणून ठेवली." काडीला ऊन मिळालं तर डोळ्यांत घड चांगला धरतो, हे मी शिकवते, पण खरड छाटणीनंतरच्या पाठात. छाटताना निवडीसाठी ते वापरायचं हे माझ्या नऊ व्हिडिओंत कुठेच नव्हतं. आता दहावा व्हिडिओ तिचा, तिच्याच आवाजात. नाव घालू का विचारलं, तर गावाचंही घाल म्हणाली.

पेस्टिंग गुरुवारी टिपायचंय. दुकानातले रबरी हातमोजे तिला इतके मोठे होतात की औषध लावायचा बोळा धरता येत नाही, आणि मोजे नसताना मी तिला ते काम करू देणार नाही. पंचवटी किंवा नाशिक रोडला लहान मापाचे जाड हातमोजे कुठे मिळतात, कुणाला माहीत असेल तर बुधवारच्या आत सांगाल का?