शंभर डॉलरचा लॅपटॉप: प्रत्येक मुलाला यंत्र द्यावे की नाही?

उत्तरा

गरीब देशांतील प्रत्येक मुलाच्या हाती शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा, ही एमआयटीच्या मीडिया लॅबचे संस्थापक निकोलस निग्रोपोंटे यांची योजना जानेवारी २००५ मध्ये दावोस येथील जागतिक आर्थिक परिषदेत जाहीर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूनिसच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत एक हिरवे, बाजूला दांडा असलेले यंत्र जगाला दाखवण्यात आले. दांडा फिरवला की वीज तयार होईल, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्ष कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्राला तो दांडा नव्हता. शंभर डॉलरही राहिले नाहीत. २००७ च्या अखेरीस 'एक्सओ' या नावाने उत्पादन सुरू झाले, तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली होती, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेसात हजार रुपये.

माझा आक्षेप वाढलेल्या किमतीवर नाही, त्यामागच्या गृहीतकावर आहे. मूल आणि यंत्र यांची गाठ घालून दिली की शिक्षण आपोआप घडते, शिक्षक चांगला असो वा नसो, असे हे गृहीतक होते. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी ती शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद असल्याचे आणि देशाला अशा साधनांपेक्षा वर्गखोल्यांची व शिक्षकांची गरज अधिक तातडीची असल्याचे कळवले होते. तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे. तरीही निवडणुका आल्या की मोफत लॅपटॉप आणि टॅबलेट यांच्या घोषणा आजही होतात. शाळकरी मुलांसाठी दरडोई यंत्राची खरेदी राज्यांनी थांबवावी आणि तो पैसा शिक्षकभरती, वाचनालये आणि शाळेतील सामाईक संगणक कक्ष यांवर खर्च करावा, असा माझा प्रस्ताव आहे. विरोधी मते वाचायला आवडतील.

चकमक

प्रस्तावाशी मी सहमत नाही आणि त्यातील इतिहासही अर्धाच सांगितला आहे. एक्सओ हे यंत्र मी हाताळलेले आहे. त्यात पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही, आणि कळफलक रबराच्या एकसंध आवरणाखाली असल्यामुळे धूळ-पाणी सहजासहजी आत जात नाही. पडद्यामागचा दिवा बंद केला की चित्र कृष्णधवल होते आणि भर उन्हात वाचता येते. त्या काळी दहापट किमतीच्या लॅपटॉपलाही हे जमत नसे. वर सशासारखे दोन कान दिसतात, त्या अँटेना आहेत, आणि त्या मिटल्या की कडेची सगळी छिद्रे झाकली जातात. यंत्र उचलायच्या मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले असत, कारण हे यंत्र कुठल्यातरी आडगावी कुणीतरी उघडणार आहे याची जाण रचनाकारांना होती. अशा यंत्राला खेळणे म्हणणे अन्याय आहे.

शिवाय या योजनेने बाजारच हलवला. मोठ्या कंपन्यांना स्वस्त लॅपटॉप बनवण्यात रस नव्हता. एक्सओची चर्चा सुरू झाल्यावर इंटेलने 'क्लासमेट' पुढे आणला, २००७ मध्ये आसुसचा 'ईई पीसी' आला आणि पाठोपाठ नेटबुकांची, म्हणजे लहान, स्वस्त लॅपटॉपांची रांग लागली. शंभर डॉलरचे वचन पाळले गेले नाही हे खरे, पण त्यामुळे इतरांना किमती खाली आणाव्या लागल्या.

आणि उरुग्वेचे नाव प्रस्तावात का नाही? राष्ट्राध्यक्ष ताबारे वास्केस यांच्या काळात २००७ मध्ये विया कार्दाल या लहानशा गावापासून 'प्लॅन सेइबाल' सुरू झाला आणि ऑक्टोबर २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील साडेतीन लाखांहून अधिक मुलांना यंत्रे मिळाली. लॅपटॉप वाटून सरकार मोकळे झाले नाही. शाळांना इंटरनेट दिले, दुरुस्तीची व्यवस्था उभी केली आणि त्यासाठी वेगळी संस्था नेमली. पुढे याच जाळ्यावरून दुसऱ्या देशांत बसलेले शिक्षक तेथील मुलांना दृक्-श्राव्य माध्यमातून इंग्रजी शिकवू लागले.

अर्थबोध

उरुग्वे हे उदाहरण वारंवार दिले जाते, म्हणून त्याचा हिशेबही मांडला पाहिजे. २००९ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार तेथे प्रत्येक मुलामागे जोडणी, देखभाल, प्रशिक्षण हे सगळे धरून सुमारे २६० डॉलर खर्च आला. देशाची लोकसंख्या सुमारे तेहतीस लाख, म्हणजे साधारण आपल्या पुणे शहराएवढी. भूभाग सपाट, आणि दरडोई उत्पन्न आपल्या कितीतरी पट. तेथे जे झाले त्याचे कौतुक जरूर करावे, परंतु त्यावरून गडचिरोलीचे किंवा बिहारचे अनुमान काढू नये. एवढे सगळे करूनही गणित आणि वाचन यांतील गुणांवर लॅपटॉपचा परिणाम शोधायला गेलेल्या उरुग्वेतील संशोधकांना तो आढळला नाही.

मोठे उदाहरण पेरूचे आहे. त्या देशाने साडेआठ लाखांच्या आसपास यंत्रे घेतली आणि त्यावर वीस कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास केला. कोणत्या शाळांना आधी यंत्रे द्यायची हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरले असल्यामुळे तुलना प्रामाणिक होती. सुमारे पंधरा महिन्यांनंतर गणित आणि भाषा यांत यंत्रे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांत फरक दिसला नाही. हजेरीत नाही, गृहपाठाला दिलेल्या वेळातही नाही. आकृत्या ओळखण्याच्या तर्कबुद्धीच्या चाचणीत थोडी वाढ आढळली, हे मी लपवत नाही. परंतु शिक्षणाचे अंदाजपत्रक तुटपुंजे असलेल्या देशाने एवढी रक्कम एवढ्या फळासाठी गुंतवावी काय, हा माझा प्रश्न आहे. त्याच पैशात पुस्तके, शाळेतील जेवण आणि मागे पडलेल्या मुलांसाठी जादा वर्ग किती चालले असते, याचा विचार खरेदीच्या आधी झाला पाहिजे.

रुमानियाचाही दाखला देतो. तेथे गरीब कुटुंबांना संगणक घेण्यासाठी २०० युरोंचे अनुदान मिळत असे. ज्यांना ते मिळाले त्या मुलांना संगणक अधिक चांगला वापरता येऊ लागला आणि त्यांचे शाळेतील गुण मात्र घसरले.

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. वरील तिघांच्याही लिखाणात एक वस्तू राहून गेली आहे, ती म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात चढते आणि तिची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या नावावर येते. ती हरवली, फुटली किंवा चोरीला गेली तर वसुलीची भीती असते. मोडली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत मोडकी वस्तू कपाटात सांभाळावी लागते. आमच्या शाळेला संगणक आले तेव्हा ते माझ्याच खोलीत, फुलाफुलांच्या कापडाखाली, कुलपात राहिले. मुलांना हात लावू दिला नाही असे नाही, पण शनिवारची शाळा सुटण्याच्या सुमारास, माझ्या देखरेखीखाली, एका यंत्राभोवती दहा-बारा जण, अशा रीतीने. वीजबिल सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून भागत नसे, त्यामुळे मीटर कापला गेला की तोही कार्यक्रम बंद. एका यंत्राची बॅटरी गेली, ती बदलण्यासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्च टाकावा याचे उत्तर मला संबंधित कार्यालयाकडून निवृत्तीपर्यंत मिळाले नाही.

पेरूतही यंत्रे घरी नेणारी मुले निम्म्याहून कमी होती, हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटले नाही. तेथील शिक्षकांनाही नुकसानीची भीती वाटत असणार. त्यामुळे 'लॅपटॉपचा उपयोग झाला नाही' या निष्कर्षाकडे मी सावधपणे पाहतो. कपाटात राहिलेल्या औषधाने ताप उतरला नाही, तर दोष औषधाचा म्हणायचा की कपाटाचा?

अर्थबोध

पाटीपेन्सिल यांचा मुद्दा मोलाचा आहे, परंतु तो माझ्या बाजूने जातो, असे मी नम्रपणे म्हणेन. कपाट, कुलूप, रजिस्टर आणि वसुली ही व्यवस्था यंत्र येण्याआधीही होती आणि नंतरही राहणार आहे. योजना आखणाऱ्याने ती गृहीत धरूनच आखणी केली पाहिजे. आदर्श मुख्याध्यापक, अखंड वीज आणि उदार लेखाधिकारी असलेल्या गावासाठी धोरण आखायचे असेल, तर त्या गावाला स्वस्त लॅपटॉपची गरज नाही.

चकमक

मला दोन्ही मांडण्या मान्य नाहीत, कारण दोन्हींत मोजपट्टी एकच आहे: परीक्षेचे गुण. एक्सओवरील 'शुगर' ही प्रणाली गणिताची उजळणी करून घेण्यासाठी बनवलेली नव्हती. मुलांनी लिहावे, चित्र काढावे, संगीत जुळवावे, छोटे प्रोग्राम रचावे आणि ते शेजारच्या मुलाच्या यंत्राशी वाटून घ्यावे, या हेतूने ती रचली होती. कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये या यंत्रांचा भारतातील पहिला प्रयोग झाला. पहिली ते चौथीची वीसेक मुले एका खोलीत आणि एकच शिक्षक, अशी ती शाळा होती. चार इयत्ता एकाच वेळी सांभाळणाऱ्या शिक्षकाला, तिसरीला शिकवत असताना पहिलीच्या मुलांच्या हाती काहीतरी सर्जनशील काम असणे, याचे मोल भाषेच्या पेपरात दिसणार नाही. ज्याने असा वर्ग कधी सांभाळला आहे त्याला ते कळेल.

दुसरा मुद्दा समतेचा आहे. उत्तरा म्हणतात, सामाईक संगणक कक्ष पुरेसा आहे. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले तेव्हा संगणक कक्षालाही टाळे लागले. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२० च्या ग्रामीण पाहणीनुसार शाळेत दाखल मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. उरलेल्यांचे काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्या घरी फोन होता तेथेही तो बहुतेक वेळा वडिलांच्या खिशात असे, आणि दोन भावंडांत तो मुलाला आधी मिळे की मुलीला, हे मी सांगायला नको. उरुग्वेतील मुलांकडे त्या दिवशी स्वतःचे यंत्र आणि त्यावर चालणारी अभ्यासाची सरकारी व्यवस्था दोन्ही तयार होती. गुणपत्रिकेत न दिसलेली गुंतवणूक अशा वेळी दिसते. मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलांना यंत्र घेऊन देताना त्याने गणिताचे गुण किती टक्के वाढतील याचा पुरावा मागत नाहीत. तो पुरावा फक्त गरिबाच्या मुलाकडूनच का मागितला जातो?

उत्तरा

शेवटचा प्रश्न बोचरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. मात्र पालक स्वतःचा पैसा खर्च करतो आणि सरकार सर्वांचा. तेथे पुरावा मागणे हे कर्तव्यच ठरते.

परंतु चकमक यांनी एक गोष्ट टाळली आहे. एक्सओ नाकारल्यानंतर आपण काय केले? फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे दहा डॉलरच्या लॅपटॉपचा गाजावाजा झाला आणि पाहायला मिळाले ते साठवणुकीचे एक साधन, ज्याला पडदाही नव्हता. मग ऑक्टोबर २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' हा टॅबलेट आला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, आणि पडदा असा की बोट टेकवून भागत नसे, दाबावे लागे. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडला. पहिल्या आवृत्तीबद्दल इतक्या तक्रारी आल्या की काम राजस्थानच्या आयआयटीकडून मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. ती खरोखर बरी होती, पण तोवर बाजारात तशाच किमतीची उपकरणे दुकानोदुकानी मिळू लागली होती. अतिस्वस्ताचा हट्ट धरला की असेच होते: किंमत आधी जाहीर होते, मग त्या किमतीत जे बसेल ते यंत्रात घातले जाते आणि शिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी होतो. एक्सओच्या बाबतीत निदान याच्या उलट घडले. तिथे आधी मुलाचा विचार झाला आणि किंमत हुकली. या दोहोंत मला एक्सओ अधिक आदरणीय वाटतो, एवढे मी चकमक यांना द्यायला तयार आहे. प्रस्ताव मात्र मागे घेत नाही. महामारीसारख्या प्रसंगासाठी यंत्रे शाळेच्या ताब्यात ठेवून गरजू मुलांना घरी देता येतील. त्यासाठी प्रत्येकाला एक विकत घेण्याची आवश्यकता नाही.

पाटीपेन्सिल

उत्तराताई, शाळेच्या ताब्यात ठेवून घरी द्यायची, हे लिहायला सोपे आहे. घरी दिलेले यंत्र फुटले तर वसुली कुणाकडून, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिले नसेल तर एकही मुख्याध्यापक ते कुलपाबाहेर काढणार नाही. मीही काढले नसते. यंत्र मुलाच्या नावावर झाले तर ते शाळेच्या रजिस्टरमधून सुटते, आणि केवळ या एका कारणासाठी माझे मत चकमक यांच्या बाजूला झुकते. दरवर्षी काही यंत्रे फुटणारच, असे गृहीत धरून तेवढा तोटा सरकारने आधीच सोसायला घेतला असेल, तर मात्र तुमची योजना मी उद्या राबवून दाखवीन.

अर्थबोध

फुटतूट गृहीत धरायची तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत मिळवून मगच निविदा काढावी. दुरुस्ती, बॅटरी आणि फुटतूट धरून पाच वर्षांचा खर्च कोणत्याही राज्याने घोषणेसोबत जाहीर केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कुणाकडे असा कागद असेल तर कृपया येथे मजकूर द्यावा, म्हणजे पुढची चर्चा आकड्यांवर करता येईल.